वगळलेल्या तीन तलावांविषयी

नागपूर, रविवार

प्रिय विद्यार्थीमित्रास,
अनेक आशीर्वाद.

सामाजिक शास्त्रांतील संशोधनाच्या पारितोषिकासाठी तू पाठवणार असलेला निबंध मी दोनदा वाचला. भंडारा-गोंदियाकडच्या मामा (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातल्या) तलावांवर मासेमारीचे नियम गावे आपसांत कशी ठरवतात, हा तुझा प्रश्न मोलाचा आहे. मात्र दिवाळीपूर्वीच्या मसुद्यात बारा तलाव होते, आता नऊच उरले आहेत; आणि गळालेले तिन्ही नेमके तेच, जिथे नियम मोडून पडले.

निबंध नेटका दिसावा ही तुझी इच्छा मला कळते. परंतु २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल स्मृती पारितोषिक मिळवणाऱ्या पहिल्या महिला एलिनॉर ऑस्ट्रॉम (शिक्षणाने त्या राज्यशास्त्राच्या, हेही लक्षात घे) यांचे सामाईक साधनसंपत्तीवरील १९९० चे पुस्तक पुन्हा उघड. तुर्कस्तानातील अलान्याचे मच्छीमार हंगामाच्या आरंभी चिठ्ठ्या टाकून जागा वाटून घेत आणि मग रोज एकेक जागा पुढे सरकत, ज्यामुळे चांगली जागा कोणा एकाची राहत नसे, हे त्या सविस्तर सांगतात. पण त्याच देशातील बोद्रुम आणि इझमीरच्या उपसागरात अशी घडी का बसली नाही, हेही त्याच पुस्तकात आहे. फसलेली उदाहरणे शेजारी नसती, तर टिकणाऱ्या व्यवस्थेच्या अटी त्यांना कशाच्या आधारे मांडता आल्या असत्या?

शिवाय काळही बदलला आहे. २०१५ मध्ये मानसशास्त्रातील १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय, म्हणजे निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही असा, निष्कर्ष आला. नकोसे निकाल गाळण्याची सवय हे त्यामागचे एक कारण मानले जाते. तेव्हापासून परीक्षक म्हणून निबंध हाती आला की, काय गाळले आहे, हे मी आधी शोधतो. (तरुणपणी मीही दोन गावे ‘अपवाद’ म्हणून तळटीपेत ढकलली होती, मौखिक परीक्षेत पहिला प्रश्न त्यांच्यावरच आला आणि मला उत्तर देता आले नाही.)

तेव्हा ते तीन तलाव दुसऱ्याच प्रकरणात घे. तिथे ठेका कोणाकडे गेला, गाळ किती वर्षे उपसला नाही, मच्छीमार सोसायटीतली भांडणे कशावरून झाली, हे लिही. त्यासाठी प्रस्तावनेतील माझ्या कौतुकाचा परिच्छेद खुशाल काप. बुधवारी संध्याकाळी घरी ये, आणि येताना संगणकावरचे तक्ते नव्हे, तर क्षेत्रकार्याच्या मूळ वह्या आण.

तुझा,
सर