अलॉय व्हीलचा तडा रंगाखाली झाकला, आता दाद कुठे मागायची?

प्रश्न : माझ्या गाडीची चारही अलॉय व्हील्स डायमंड कट फिनिशची, म्हणजे दर्शनी भाग यंत्रावर कापून चकचकीत केलेली आहेत. पदपथाला घासून दोन चाकांच्या कडा खरवडल्या होत्या आणि उरलेल्या दोन चाकांवरचं लॅकर, म्हणजे वरचा पारदर्शक थर, सुटत चाललं होतं. ‘कंपनीतून आल्यासारखी करून देतो’ असं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून कळवणाऱ्या एका वर्कशॉपकडे ती दिली आणि निम्मे पैसे आधीच भरले. तीन चाकं मिळाली, चौथं मागाहून मिळणार होतं. काही आठवड्यांतच एका चाकाच्या कडेला लॅकरखाली पांढऱ्या रेघा उमटल्या आणि दुसऱ्या चाकातली हवा सारखी उतरू लागली. टायरवाल्याने टायर उतरवला तेव्हा चाकाच्या आतल्या बाजूला, रंगाखाली वेल्डिंगचा जाड सांधा आणि त्याच्या कडेने गेलेला बारीक तडा दिसला. याबद्दल मला कोणी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. वर्कशॉपवाले पावतीवर छापलेल्या ‘माल ग्राहकाच्या जबाबदारीवर, कामाची गॅरंटी नाही’ या ओळीकडे बोट दाखवतात. उरलेले पैसे दिल्याशिवाय चौथं चाकही देत नाहीत. दुसरीकडून चाक दुरुस्त करून घेऊ का? पूर्ण पैसे दिलेले नसताना तक्रार करता येते का? की सरळ पोलिसांत जाऊ?

उत्तर : कायद्याचं नंतर बोलू. तडा दिसलेलं चाक गाडीला पुन्हा लावू नका, अगदी जवळ जायचं असलं तरी नाही. स्टेपनी लावा, आणि ती लहान आकाराची असेल तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा पाळा. त्याच वर्कशॉपमधून आलेली दुसरी दोन चाकंही एकदा काढून बघायला सांगा. चाक हबला, म्हणजे ते ज्यावर बसतं त्या भागाला, जिथे टेकतं तिथे किंवा नट बसतात त्या खाचांमध्ये रंगाचा जाड थर राहिला असेल, तर तो हळूहळू दबतो आणि नीट आवळलेले नटही सैल पडतात. ही तपासणी आजच करून घ्या.

आता दुरुस्तीचं. दुसरीकडून दुरुस्त करून घेऊ नका. तुमचा सगळा पुरावा त्या धातूत आहे. दुसऱ्या कारागिराने तो सांधा जरासा जरी घासला, तरी वर्कशॉपवाला म्हणणार की वेल्डिंग आम्ही केलंच नाही, ते त्यानेच केलं. मग खरं काय ते कोणालाच ठरवता येणार नाही. गाडी अडून राहते, माणूस वैतागतो, आधी चाक नीट करून घेतो आणि मग तक्रारीला लागतो. अशा वादांतली चांगली बाजू इथेच हातची जाते.

म्हणून चाक आहे त्या अवस्थेत, न घासता, न धुता बाजूला ठेवा. फोटो काढताना चाकाच्या आतल्या बाजूला ओतीव अक्षरांत असलेलं माप आणि खुणा तड्यासोबत एकाच चौकटीत येऊ द्या, म्हणजे हे चाक तेच हे सांगता येईल. टायरवाल्याकडून त्याला काय दिसलं आणि कोणत्या तारखेला दिसलं हे दोन ओळींत लिहून, सही करून घ्या. त्यानंतर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या एखाद्या धातुचाचणी प्रयोगशाळेकडून अहवाल घ्या. डाय पेनिट्रंट चाचणीत रंगीत द्रव तड्यात शिरतो आणि वर पावडर फवारली की तड्याची रेघ स्पष्ट उमटते. आत काय आहे ते एक्स-रे तपासणीत कळतं. दोन्हींत चाक कापावं लागत नाही. चाक कापून तपासायची वेळ आलीच, तर वर्कशॉपला आधी लेखी कळवा आणि हजर राहायची संधी द्या. नाहीतर त्या अहवालाला आमच्या पाठीमागे केलेला म्हणून हरकत येते.

तुमच्या प्रकरणात रंगापेक्षा या सांध्याचा मुद्दा किती तरी मोठा आहे, आणि तो मोठा का हे तक्रारीतही नीट लिहायला हवं. अलॉय व्हील म्हणजे सिलिकॉन आणि मॅग्नेशियम मिसळलेलं अॅल्युमिनियम. ओतल्यानंतर चाक तापवतात, झटकन थंड करतात आणि मग ठरावीक तापमानाला काही तास ठेवतात. या प्रक्रियेतून त्या धातूला ताकद येते. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याच्या आजूबाजूची ती ताकद उतरते, वरून कितीही गुळगुळीत दिसलं तरी. पावडर कोटिंग, म्हणजे पावडरच्या रूपात चढवलेला रंग, साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला भट्टीत पक्कं करतात. तापमान त्याच्या बरंच वर गेलं किंवा चाक भट्टीत फार वेळ राहिलं, तर अख्खं चाकही मऊ पडू शकतं. म्हणून प्रयोगशाळेला सांध्याच्या जवळच्या आणि लांबच्या अशा दोन्ही भागांची कडकपणाची चाचणी करायला सांगता येईल.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधली सेवेतील त्रुटीची व्याख्या कलम २(११) मध्ये आहे. काम निकृष्ट असणं तर त्यात येतंच, पण ग्राहकाला समजायला हवी अशी माहिती जाणूनबुजून दडवणं हीसुद्धा त्रुटीच आहे, असं कायदा वेगळं नमूद करतो. तुमच्या तक्रारीचा कणा हा असावा. चाकाला तडा होता तर वर्कशॉपने काम थांबवून तुम्हाला विचारायला हवं होतं. तुम्ही कदाचित ते चाक मोडीत काढून नवीन घेतलं असतं. तो निर्णय त्यांनी तुमच्या वतीने घेतला आणि त्यावर रंग चढवला. तुम्ही आणि तुमच्या घरचे त्या चाकावर प्रवास करत होता. मला या प्रकरणात सगळ्यात गंभीर वाटतं ते हेच. अशा कामामुळे उद्या कोणाला इजा झाली असती, तर कलम ८५ खाली सेवा देणाऱ्याची वेगळी जबाबदारी उभी राहिली असती.

पैसे पूर्ण दिलेले नाहीत याची चिंता नको. मोबदला दिलेला, कबूल केलेला किंवा काही दिलेला आणि काही कबूल केलेला असला, तरी तुम्ही ग्राहकच ठरता. गाडी भाड्याने चालत असेल तर मात्र व्यापारी कारणाचा आक्षेप येईल. त्यातही स्वतः गाडी चालवून त्यावरच पोट भरणाऱ्याला कायद्याने सूट दिली आहे.

पांढऱ्या रेघांबाबत तुमची बाजू तितकी भक्कम नाही, हे मी मोकळेपणाने सांगतो. जुनं क्षरण (धातूला लागलेला गंजासारखा थर) पूर्ण न काढता वर लॅकर मारलं की ते आतल्या आत पसरतं, हे खरं. पण नव्या लॅकरला खडा लागून टवका उडाला किंवा अॅसिड असलेल्या क्लीनरने चाकं धुतली, तरी तशाच रेघा येतात. चाकं परत मिळाल्यानंतर ती कशाने धुतली ते आठवून खरं लिहा. उलटतपासणीत निघालेली एक लपवाछपवी चांगल्या मुद्द्यालाही खाली ओढते. ‘ते चाक फुकट पुन्हा करून देतो’ असं वर्कशॉप म्हणालं, तरी लगेच हो म्हणू नका. डायमंड कट करताना लेथवर चाकाच्या दर्शनी भागाचा पातळ थर कापून काढतात, त्यामुळे हे काम मोजक्याच वेळा करता येतं. दर वेळी धातू कमी होतो.

आता पावतीवरची ओळ. तुमची चाकं त्यांच्या ताब्यात होती तो व्यवहार भारतीय करार अधिनियम, १८७२ प्रमाणे निक्षेप (ठरावीक कामासाठी वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देणं) आहे, आणि कलम १५१ नुसार त्यांनी त्या चाकांची काळजी एखादा समंजस माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तेवढी घ्यायला हवी होती. विशेष करार करून ही जबाबदारी किती हलकी करता येते यावर वाद घालता येतो, पण जाणूनबुजून दडवलेल्या वेल्डिंगला ‘गॅरंटी नाही’ हे शब्द पांघरूण घालू शकत नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे. पावती काम ठरण्याआधी दिली होती की चाकं ताब्यात घेतल्यावर, तेही लिहा. ‘कंपनीतून आल्यासारखी’ हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर फोनमधून पुसू नका, नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. एक सूचना वकील म्हणून देतो. तक्रारीचा मथळा ‘अनुचित करार’, म्हणजे ग्राहकावर एकतर्फी अटी लादणारा करार, असा ठेवू नका. २०१९ च्या कायद्यात अनुचित कराराच्या तक्रारी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दिलेल्या नाहीत, त्या राज्य ग्राहक आयोगापुढे जातात. सेवेतील त्रुटी म्हणूनच दाद मागा, म्हणजे काम जिल्ह्यातच होईल.

चौथ्या चाकावर वर्कशॉपचा काही हक्क आहे का? आहे, पण मर्यादित. करार अधिनियमाच्या कलम १७० मध्ये कच्चा हिरा पैलू पाडायला दिलेल्या जवाहिऱ्याचं उदाहरण आहे: मजुरी मिळेपर्यंत तो हिरा ठेवून घेऊ शकतो. पण हा हक्क ज्या कामासाठी वस्तू दिली ते काम त्या उद्देशानुसार केलं असेल तरच मिळतो. चौथ्या चाकाचं काम झालं आहे का, आणि कसं झालं आहे, हे तुम्ही अजून पाहिलेलंच नाही. शिवाय हा हक्क वस्तू ठेवून घेण्यापुरता आहे, विकण्याचा नाही. चाकाची निकड असेल, तर तत्त्वासाठी अडून बसू नका. ‘माझी हरकत कायम ठेवून, केवळ चाक सोडवण्यासाठी ही रक्कम देत आहे’ असं लिहून, पोच घेऊन, पैसे बँकेतून द्या आणि तक्रारीत परत मागा. चाक ताब्यात घेताना रंगाआड काही आहे का ते टायरवाल्याला सोबत नेऊन तिथेच बघा.

पोलिसांत आत्ता जाऊ नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मधल्या फसवणुकीसाठी सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू होता हे दाखवावं लागतं. वाईट काम तेवढ्याने फसवणूक ठरत नाही. तुमचं चौथं चाक त्यांनी विकलं किंवा बदलून दुसरं दिलं, तर गोष्ट वेगळी. तेव्हा कलम ३१६ चा, विश्वासघाताचा, विचार करता येईल.

आधी नोटीस पाठवा. कायद्याने ती सक्तीची नाही, पण त्यांचं उत्तर हाही पुरावाच होतो, आणि उत्तरात ‘वेल्डिंग मजबुतीसाठीच केलं’ असं एक वाक्य आलं तरी निम्मं काम होतं. पंधरा दिवसांची मुदत द्या. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, वर्कशॉपच्या गावी जायची गरज नाही. मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही. ऑनलाइन दाखल करण्याची सोय आहे, आणि वकील न लावता स्वतः बाजू मांडता येते. मुदत दोन वर्षांची आहे. ती चाकं मिळाली त्या दिवसापासूनच धरा, तडा दिसला त्या दिवसापासून नको. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहायलाही हरकत नाही, पण तिथल्या प्रतीक्षेत महिने घालवू नका.

मागणी नेमकी ठेवा: दिलेले पैसे, त्याच मापाच्या आणि बनावटीच्या नव्या चाकाची किंमत, चाचणीचा खर्च, झालेल्या त्रासाची माफक भरपाई आणि तक्रारीचा खर्च. ज्याची पावती नाही ते फुगवून मागू नका.

बहुधा नोटीस मिळाल्यावर वर्कशॉप तडजोडीला तयार होईल. तडजोड जरूर करा, पण लेखी करा आणि पैसे खात्यात आल्यावरच तक्रार सोडा. ते तडा गेलेलं चाक मागतील. पैसे मिटल्यानंतर ते परत करायची वेळ आली, तर आधी आरपार कापून निकामी करा, फोटो ठेवा आणि मगच द्या. नाहीतर तेच चाक नव्या रंगात दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीला लागेल.