वड्याचं तेल वांग्यावर निघतंय

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत १९ वर्षं क्लार्क आहे. रोजकीर्द, खतावणी सगळं हातानं लिहिलंय. दिवाळीनंतर नवीन सॉफ्टवेअर आलं आणि नवीन साहेबही आले, माझ्यापेक्षा बरेच लहान. परवा संध्याकाळी कॅश टॅली करताना २०० रुपयांचा फरक येत होता, दोन खातेदार अजून समोरच उभे, आणि साहेब म्हणाले, "मॅडम, एवढं पण जमत नाही का?" मी गप्प बसले. पाच मिनिटांनी आमचे पिग्मी एजंट काका, दारोदार जाऊन रोजची बचत गोळा करणारे, भरणा घेऊन आले, स्लिपवर तारीख टाकायची राहिली होती तर मी सगळ्यांदेखत त्यांच्यावर ओरडले. काका बिचारे साठीला आलेले, कार्डावर लिहायचं सोडून आता मशीनवर पावती काढतात. असं हल्ली सारखं होतं, घरी येऊन रडू येतं. माझा स्वभावच रागीट झालाय का? या वयात तो बदलतो का?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. रागीट माणसाला नंतर रडू येत नाही हो. तुम्ही ज्याला राग म्हणताय तो राग आहे का, तेच आधी बघू. खातेदारांसमोर साहेब बोलले तेव्हा तुम्ही कानकोंड्या झालात आणि आत कुठेतरी भीती, की १९ वर्षं केलेलं काम आता कुणाच्या लेखी नाही. हे बोलून दाखवता येत नाही, मग ते राग होऊन बाहेर पडतं, आणि पडतं कुणावर, तर जो उलटून बोलणार नाही त्याच्यावर.

आपल्याकडे चिडचिड, चरफड, वैताग, ओशाळणं, हिरमुसणं असे किती शब्द आहेत आणि आपण सगळ्याला राग म्हणून मोकळे होतो. २००७ साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात मॅथ्यू लीबरमन यांनी लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवून मेंदूचे स्कॅन घेतले, तर त्या भावनेला नाव दिलं की धोका ओळखणाऱ्या अमिग्डाला या भागाची हालचाल कमी व्हायची. म्हणून पुढच्या वेळी तोंड उघडायच्या आधी रफ वहीत एकच शब्द लिहा, "ओशाळले" किंवा "घाबरले". मी नोकरीत असताना टेबलावरच्या कॅलेंडरमागे लिहायचे, तेवढ्यात अर्धा मिनिट जायचा आणि तो अर्धा मिनिटच हवा असतो.

साहेबांशी सकाळी, एकटे असताना बोला. "साहेब, चूक दाखवा, पण खातेदार गेल्यावर. आणि फरक कसा शोधायचा ते एकदा शेजारी बसून दाखवा." दुसरं वाक्य जास्त जड जाईल मला माहितीये, पण तेच महत्त्वाचं. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक "जमत नाही"च्या आधी "अजून" लावायला सांगतात, ते मला पटतं, फक्त नुसतं "अजून" म्हणून भागत नाही, रोज अर्धा तास त्या स्क्रीनसमोर बसावं लागतं. आणि एवढं करूनही साहेब चारचौघांत अपमान करतच राहिले तर तो तुमच्या स्वभावाचा प्रश्न नाही, सेक्रेटरींकडे लेखी द्या, मनाला लावून घेत बसू नका.

पण साहेबांच्या आधी काका. ओरडलात सगळ्यांदेखत, तर माफीही तिथेच, काउंटरवर मागा. मग चहा सांगा आणि त्यांना विचारा, कार्ड सोडून मशीन हातात घेतलं तेव्हा पहिले पंधरा दिवस कसे काढले म्हणून.