जुन्या ताटल्या, मेणबत्तीचे स्टँड आणि मधला जोड

प्रश्न : केक-मिठाई मांडायचा उंच स्टँड करायला जुन्या सामानातून मिळालेली काचेची ताटली पितळी मेणबत्ती स्टँडवर सुपरग्लूने चिकटवली. काही दिवसांनी ताटली उचलली तर ती हातात आली, स्टँड टेबलावरच राहिला. गोंद कमी लावला गेला का?

उत्तर : गोंद कमी नव्हता, त्याला धरायला जागा कमी होती. मेणबत्तीची खोबण म्हणजे वरून उघडं नळकांडं. ताटलीला टेकते ती फक्त त्याची दोन-तीन मिलिमीटरची कड. ताटलीच्या एका बाजूला वजन पडलं की विरुद्ध बाजूची कड उचकटते आणि तिथून जोड उघडत जातो. सुपरग्लू सुकल्यावर ठिसूळ होतो, त्यामुळे उचकटणं आणि धक्के त्याला सोसत नाहीत. फटही तो भरून काढत नाही. हॉट ग्लूचा तर विचारच करू नका, गुळगुळीत काचेवरून तो सालीसारखा निघतो.

आधी जुना गोंद ब्लेडने खरवडा. खोबणीत मेण असेल तर स्टँड तासभर फ्रीजरमध्ये ठेवा. मेण आकसून सुटतं. मग खोबण इपॉक्सी पुट्टीने (दोन भाग एकत्र मळायचे, नंतर कडक होणारा लगदा) काठोकाठ भरा आणि पुट्टी ओली असतानाच वर चार-पाच सेंटिमीटरचा सपाट धातूचा वॉशर दाबून बसवा. आता ताटलीला टेकायला पूर्ण चकती मिळाली.

पुट्टी कडक झाल्यावर वॉशर आणि ताटलीच्या बुडाचा तेवढाच भाग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत करा. काच घासताना कागद ओला ठेवा, धूळ उडत नाही. मग दोन्ही भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि त्यानंतर तिथे बोट लावू नका. पितळ चमकवायच्या पॉलिशचा तेलकट थर राहिला तर उत्तम गोंदही सुटतो.

दोन ट्यूबांचं इपॉक्सी घ्या, पण पाच मिनिटांत धरणारं नको. मध्य जुळवायला वेळ लागतो. रेझिन आणि हार्डनर पाकिटावर दिलेल्या प्रमाणातच घ्या. हार्डनर जास्त घातल्याने जोड लवकर पक्का होत नाही, उलट चिकट राहतो. ताटली मऊ कापडावर पालथी ठेवा, बुडावर मध्याची खूण करा आणि स्टँड उलटा करून त्यावर बसवा. स्टँडच्या बैठकीवर लेव्हल (सपाटी दाखवणारी बुडबुड्याची पट्टी) दोन दिशांनी ठेवून तपासा, मास्किंग टेपने ताणून धरा आणि २४ तास हलवू नका.

प्रश्न : चिनी मातीच्या ताटलीच्या बुडाला उंच कडं आहे. स्टँड तिथे नीट बसेल का?

उत्तर : स्टँडचं तोंड कड्याच्या आत मावत असेल तर काहीच अडचण नाही. कड्यापेक्षा मोठं असेल तर जोड फक्त कड्यावर येईल. कड्याची खालची धार बहुधा बिनझिलईची आणि खरखरीत असते, तिच्यावर इपॉक्सी चांगलं धरतं.

प्रश्न : या स्टँडवर पदार्थ थेट वाढावेत का? धुवायचं कसं?

उत्तर : जुन्या रंगीत किंवा सोनेरी नक्षीच्या भांड्यांच्या झिलईत शिसं असू शकतं आणि आंबट पदार्थांत ते उतरतं. भांड्याची खात्री नसेल, झिलईला चिरा किंवा टवके असतील, तर वर साधी नवी काचेची ताटली ठेवूनच वाढा. पदार्थ जोडालाही लागता कामा नये.

कोमट पाण्याने हाताने धुवा. भिजत घालू नका, डिशवॉशरमध्ये तर मुळीच नको. उष्णतेने इपॉक्सी मऊ होतं, शिवाय धातू काचेपेक्षा जास्त प्रसरण पावतो. त्या ओढाताणीत जोड सुटतो.

प्रश्न : तीन मजली स्टँड करायचा आहे. तो डुगडुगू नये म्हणून काय करावं?

उत्तर : ताटल्या साधारण ३०, २४ आणि १८ सेंटिमीटरच्या घ्या. बैठकीचा व्यास सर्वांत खालच्या ताटलीच्या निम्म्याहून कमी नको. बैठक पोकळ असेल तर आत प्लास्टर भरा आणि खाली फेल्ट लावा. प्रत्येक ताटली आणि तिचा स्टँड आधी वेगवेगळा चिकटवून सुकू द्या, मगच मजले चढवा; तिन्ही जोड एकाच वेळी ओले असले की एक सरळ करताना दुसरा सरकतो.

वारंवार वापरायचा असेल तर ताटल्यांना भोक पाडून आट्यांची सळई घालणं जास्त भरवशाचं. भोकाच्या जागी मास्किंग टेप लावा, हिऱ्याच्या टोकाचं ६ मिलिमीटरचं बिट कमी वेगात चालवा आणि सतत पाणी सोडत राहा. शेवटच्या मिलिमीटरला दाब कमी करा, टवका तिथेच उडतो. नटाखाली दोन्ही बाजूंनी रबरी वॉशर घाला आणि नट फक्त हाताने आवळा. टफन्ड (तापवून कणखर केलेल्या) काचेच्या ताटलीला मात्र भोक पाडू नका, बिट आत शिरताच तिचे तुकडे होतात.