खोकी पाठवायच्या आधी उघडा, सगळी

तुम्ही लिहिलंय की मायदेशी भूकंप झालाय, इथे ओळखीच्या लोकांनी मिळून चाळीसेक खोकी डबाबंद जेवण जमवलंय, सगळं तिथल्या लोकांच्या तोंडाला सवय असलेलं, आणि आता मदत स्वीकारणारं ऑफिस ‘मिक्स माल घेत नाही’ एवढंच सांगून फोन ठेवतंय. हे वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते. काही वर्षांपूर्वी पूर आला तेव्हा मी अगदी याच जागी उभी होते, खोकी सुद्धा जवळपास तेवढीच, म्हणून जरा लांबलचक लिहितेय.

एक्स्पायरी बघा, गंजलेले चेपलेले डबे काढा वगैरे तुम्हाला माहीतच असणार, ते सोडून देते. माझं सगळ्यात जास्त नुकसान झालं ते एका वाक्याने. मी सगळ्यांना मेसेज केला होता, ‘तुम्हाला घरच्यासारखं वाटेल ते द्या, एका कुटुंबाला आठवडाभर पुरेल असं एक खोकं भरा.’ ऐकायला किती छान! झालं काय, प्रत्येक खोक्यात कडधान्यं, मासे, मांस, सूप, फळं, सगळं एकत्र आलं, आणि कुठल्या खोक्यात काय आहे ते भरणाऱ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. कागदावर मी लिहिलं ‘मिश्र डबाबंद अन्न’. बस, एवढंच.

त्या ऑफिसात (नाव घेत नाही, आणि आता घेऊन उपयोगही नाही) पहिल्या खिडकीवर सांगितलं पॅकिंग लिस्ट आणा. आणली, तर दुसऱ्या खिडकीवर म्हणाले प्रत्येक मालाचा बॅच नंबर आणि संपायची तारीख पाहिजे. तीही एका रात्रीत जमेल तेवढी लिहून नेली, तेव्हा कळलं की मांस आणि दूध असलेल्या मालाला वेगळं प्रमाणपत्र लागतं आणि ते एका खोक्यात जरी असलं तरी सगळा लॉट अडतो. अहो मग हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलं? छापलेला एक कागद भिंतीवर लावला असता तरी माझ्यासारखे दहा जण वाचले असते. अकरा दिवस माल गोदामात पडून होता. तिकडे लोक शाळेच्या वर्गात झोपत होते आणि इकडे मी एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर. अजूनही आठवलं की संताप होतो. पण तुम्हाला खरं सांगायचं तर त्या अकरा दिवसांपेक्षा पुढचं जास्त लागलं.

माल पोचला. छावणीत दोन समाजांचे लोक होते, एक मांस न खाणारे आणि एक ठरावीक प्राण्याचं मांस वर्ज्य असणारे. आमच्यातल्या कुणीतरी भाजीच्या सूपचे डबे दिले होते, वर चित्र फक्त भाज्यांचं. आतल्या बारीक अक्षरात प्राण्याची चरबी लिहिलेली, तीही तिथे कुणाला न वाचता येणाऱ्या भाषेत. एका घरात ते खाल्लं गेलं, मग एका शिकलेल्या मुलाने लेबल वाचलं. संध्याकाळपर्यंत ही बातमी सगळ्या वर्गांत गेली आणि त्यानंतर आमच्या खोक्यातल्या साध्या कडधान्याच्या डब्यालाही कुणी हात लावेना. त्यांचं काय चुकलं? घर गेलं, शेत गेलं, आपण काय खातो एवढंच हातात उरलं होतं, त्यातही कुणीतरी न विचारता ढवळाढवळ केली. स्वयंसेवकांनी दोन रात्री जागून प्रत्येक खोकं उघडून डबे वेगळे केले. ज्या माणसांनी झोपायला हवं होतं ती माणसं माझ्या चुकीपायी लेबलं वाचत बसली.

म्हणून माझं मत (मत आहे, नियम नाही, आणि मी अन्नतज्ज्ञ नाही): आज चाळीसच्या चाळीस खोकी उघडा. एका खोक्यात एकच प्रकार, शक्य असेल तर एकच बॅच. बाहेर चारही बाजूंनी तिथल्या लोकांच्या लिपीत मोठ्ठ्या अक्षरात काय आहे, मांस आहे का, कुठल्या प्राण्याचं, किती डबे, कधीपर्यंत चांगले. ज्याचे घटक तुम्हाला स्वतःला वाचता येत नाहीत तो डबा बाजूला. मांसाचे आणि दुधाचे सगळे डबे मला विचाराल तर या खेपेतून काढूनच टाका आणि जवळच्या गरजूंना द्या. अमेरिकन सरकार आपत्तीत वाटायला जी तयार जेवणाची पाकिटं बनवतं, साधारण 2200 कॅलरीची, त्यात मांस घालतच नाहीत, ते याचसाठी की कुठल्याही धर्माच्या माणसाला चालावं. पण तिथेही बघा, 2001 मध्ये अफगाणिस्तानात विमानातून टाकलेली ती पाकिटं पिवळी होती आणि त्याच वेळी टाकल्या जाणाऱ्या क्लस्टर बॉम्बमधून (हवेत फुटून अनेक छोटे बॉम्ब विखुरणारा बॉम्ब) पडणारे छोटे बॉम्बही पिवळे, म्हणजे गल्लत व्हायची भीती. शेवटी पाकिटाचा रंग बदलावा लागला. आतलं अन्न कितीही विचार करून बनवलं तरी बाहेरून समोरच्याला काय दिसतं, ते आधी.

आता ‘सवयीचं’ या शब्दाबद्दल, कारण इथे मला थोडं वादात पडायचंय. आपण लांब राहणारी माणसं गावची आठवण काढतो तेव्हा सणाचं जेवण आठवतं. तेलकट, मसालेदार, गोड. आमच्याकडे निम्मे डबे तसलेच आले होते. छावणीतल्या माणसाला मंगळवारी दुपारी घरी जे खाल्लं असतं ते हवं असतं. पोट नाजूक झालेलं असतं, म्हाताऱ्यांच्या कवळ्या ढिगाऱ्यात राहिलेल्या असतात, पाणी मोजून मिळतं, त्यात खारट डबा खाल्ला की तहान दुप्पट. म्हणून तिथल्या कुणाला तरी, शक्यतो स्वयंपाक करणाऱ्या बाईला, फोन करून विचारा की काल काय खाल्लं आणि काय खावंसं वाटतंय. 1995 च्या कोबेच्या भूकंपात एका जपानी बेकरीवाल्याने ताजे पाव पाठवले, त्यातले बरेच वाया गेले, तेव्हा लोकांनीच त्याला सांगितलं की टिकाऊ पण पावासारखं मऊ काहीतरी कर. त्यातून डब्यात भाजलेला पाव निघाला आणि तो आजही तिथे लोक आपत्तीसाठी साठवून ठेवतात. त्याने आधी ऐकून घेतलं. मी मेसेज पाठवला, विचारलं नाही.

तारखेबद्दल एक आकडा लक्षात ठेवा. मदतकार्याची जी स्फिअर नावाची मानकं आहेत, त्यात बाहेरून आलेलं पॅकबंद अन्न त्या देशात पोचताना किमान 6 महिने टिकणारं असावं असं आहे. म्हणजे आज सात महिने शिल्लक असलेला डबा, तुमचं ऑफिस आणि जहाज आणि कस्टम पार करेपर्यंत बाद. दहा-अकरा महिन्यांच्या खालचं काही पाठवूच नका. देशादेशाचे आयातीचे नियम वेगळे असतात, ते तिथल्या दूतावासाकडून लेखी घ्या, फोनवर नको. लेखी!

दोन गोष्टींवर मात्र मी हट्टी आहे. घरी भरलेल्या बरण्या-डबे अजिबात नाही, आजीने भरले असले तरी नाही. भाज्या, कडधान्यं, मांस यात आंबटपणा कमी असतो, साध्या उकळण्याने बोट्युलिझमच्या (बंद डब्यात जीवघेणं विष तयार करणाऱ्या) जंतूंचे बीजाणू मरत नाहीत, त्याला दाबाखाली 116 ते 121 अंशांपर्यंतची उष्णता लागते, आणि ते विष वासाने किंवा चवीने ओळखू येईलच असं नाही. दुसरं, तान्ह्या बाळांची दूध पावडर. जीव तुटतो, कळतं, पण पाणी स्वच्छ नसेल तर तीच पावडर बाळाला आजारी पाडते. 2006 मध्ये इंडोनेशियात योग्यकार्ताच्या भूकंपानंतर दान आलेली पावडर मिळालेल्या बाळांमध्ये जुलाबाचं प्रमाण जवळपास दुप्पट आढळलं होतं. ते काम तिथल्या आरोग्यवाल्यांवर सोडा.

आणि हो, ओढून उघडायच्या झाकणाचे डबे नसतील तर प्रत्येक खोक्यात दोन-तीन ओपनर टाका. डबाबंद अन्नाचं पेटंट 1810 चं आणि ओपनरचं अमेरिकन पेटंट 1858 चं, मधली जवळपास पन्नास वर्षं लोक छिन्नी-हातोडीने डबे फोडत होते. छावणीत मी एका आजोबांना दगडाने फोडताना पाहिलंय, हात कापला होता त्यांचा.

कुणी म्हणेल पैसेच का नाही पाठवत. तिथला बाजार चालू असेल तर खरंच पैसेच पाठवा, वाहतुकीच्या खर्चात तिथे कितीतरी जास्त येतं आणि तिथल्या दुकानदाराचंही घर उभं राहतं. पण दुकानंच पडली असतील, चूल पेटत नसेल, तर पहिल्या काही आठवड्यांत शिजवायला न लागणारा ओळखीचा घास मोलाचा आहे, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आमचे कडधान्याचे डबे शेवटी संपले. त्या शिकलेल्या मुलाने प्रत्येक डब्यावर मार्करने लिहून सही केली, मी वाचलंय म्हणून, त्यानंतर.

खोकी उघडून झाली की इथे लिहा: मांस-दूध काढून किती डबे उरले, सगळ्यात जवळची तारीख कुठली, आणि तिथे उतरवून घेणारा माणूस ठरलाय का. माझी तेव्हा चौथ्यांदा बनवलेली आणि अखेर पास झालेली पॅकिंग लिस्ट अजून जपून ठेवलीय, त्याचा नमुना मी टाकते.