विद्यावेतनातून पॉलिसीचा हप्ता निघेल का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी 46 वर्षांचा, कुपवाड एमआयडीसीत सुपरवायझर आहे. महिन्याला 55 हजार हातात येतात. गृहकर्ज अजून 14 लाख आहे. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. एका मोठ्या आयटी कंपनीने तिला नोकरीसोबत पदवीच्या योजनेत निवडलं आहे. पहिलं वर्ष पुण्यात प्रशिक्षण आणि महिना 10 हजार विद्यावेतन. पुढे सॉफ्टवेअरचं काम, पगार वर्षाला 2 लाखांपासून, आणि शनिवार-रविवारी बीएस्सी कॉम्प्युटर. पदवीची 60 टक्के फी कंपनी भरणार. तीन वर्षांचा बाँड आहे, मोडला तर 2 लाख. इंजिनिअरिंगला घातलं तर फीलाच 6 लाख जातील. माझा भाचा इंग्लंडमध्ये असंच शिकतो, त्याला एक पैसा फी नाही. मुलीच्या शिक्षणासाठी दोन वर्षांपूर्वी बँकेतून हमी परताव्याची पॉलिसी घेतली आहे, वर्षाला दीड लाख. मागचा हप्ता सोनं तारण ठेवून भरला, पुढचा महिनाभरात आहे. मुलगी कमवायला लागली की हप्ता तिच्या पैशातून निघेल. निर्णय बरोबर आहे ना?

उत्तर: मुलीचं अभिनंदन. आता पॉलिसीबद्दल बोलू, कारण तुमचं पत्र खरं तर पॉलिसीचंच आहे.

सोबत पाठवलेला कागद पाहिला. दहा वर्षं दीड लाख भरायचे आणि पंधराव्या वर्षाअखेर 25 लाख मिळणार. पॉलिसी घेतली तेव्हा मुलगी 16 वर्षांची होती. म्हणजे ‘शिक्षणासाठी’चे हे पैसे हातात येतील तेव्हा ती 31 वर्षांची असेल. कोणतं शिक्षण होतं हे? बँकेतल्या ज्या साहेबांनी हे गळ्यात मारलं, त्यांना वजाबाकी येत नव्हती असं नाही. त्यांना मार्चअखेरचं टार्गेट होतं.

15 लाखांचे 25 लाख ऐकायला छान वाटतं. परतावा निघतो वर्षाला पाच टक्क्यांच्या आसपास. हेच हप्ते पीपीएफमध्ये आजच्या 7.1 टक्क्यांनी गेले असते तर त्याच मुदतीला 31 लाखांच्या घरात झाले असते. त्यात मागचा हप्ता तुम्ही सोनं गहाण टाकून भरलात. पाच टक्के मिळवायला दहा टक्क्यांनी कर्ज! वहिनींच्या पाटल्या त्या साहेबांच्या टार्गेटसाठी बँकेच्या तिजोरीत पडल्या आहेत.

आता मुलीच्या कमाईचं बघू. पहिल्या वर्षी विद्यावेतन 1 लाख 20 हजार, आणि तुमचा हप्ता दीड लाख. ती वर्षभर जेवली-खाल्ली नाही तरी हप्ता निघत नाही. पुढची तीन वर्षं 2, 2.4 आणि 2.8 लाख धरू, हे मी उदार होऊन धरतोय. चार वर्षांचे झाले 8.4 लाख. पुण्यात पीजी, मेस, बस, मोबाइल मिळून महिना साडेबारा हजार, म्हणजे 6 लाख गेले. फीतला तिचा वाटा वर्षाला 30 हजार धरला तर आणखी 90 हजार. उरले दीड लाख. चार वर्षांत एक हप्ता, तोही ती एकदाही आजारी पडली नाही आणि मैत्रिणीच्या लग्नाला गेली नाही तर.

म्हणून पुढचा हप्ता भरू नका. आधी विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा: आज सरेंडर केली, म्हणजे मोडली तर किती, आणि पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून तशीच ठेवली तर मुदतीअखेर किती. सरेंडरमध्ये तुमच्या 3 लाखांतला तिसरा हिस्सा हाती आला तरी नवल, अंगावर काटा येईल. पेड-अपला प्रमाणात, म्हणजे 5 लाखांच्या आसपास मिळणार असतील तर ती तशीच पडू द्या. ‘आत्तापर्यंत भरलेले वाया जातील’ असं बँक म्हणेल. ते गेलेच आहेत. प्रश्न पुढच्या 12 लाखांचा आहे, आणि ते 12 लाख तुम्हाला जेमतेम साडेपाच टक्के मिळवून देतात. पॉलिसी घेताना भरलेल्या प्रपोजल फॉर्मची प्रतही मागवा आणि त्यात तुमचं उत्पन्न किती लिहिलंय ते वाचा. असे हप्ते बसवायला 12-15 लाख ठोकून दिलेले मी पाहिले आहेत. तसं निघालं तर विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा. दाद लागली नाही तर पुण्यात विमा लोकपाल आहेत.

याहून मोठी गोष्ट तुम्ही विचारलीच नाही. या पॉलिसीत तुमच्या जिवाची किंमत 15 लाख आहे. उद्या तुम्ही नसलात तर 14 लाख गृहकर्जात जातील, पाटल्यांचं कर्ज अंगावर राहील आणि मुलगी दहा हजारांवर घर चालवेल. 75 लाखांचा टर्म इन्शुरन्स, म्हणजे नुसता जिवाचा विमा, साठीपर्यंत घ्या. निर्व्यसनी असाल तर वर्षाला 20-25 हजारांत बसावा, शिवाय सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. टर्म हातात आला की मग पॉलिसीला हात लावा, त्याआधी नको. हप्त्याला सवलतीचे दिवस असतात, तेवढे पुरतील. वाचलेल्या दीड लाखातून टर्मचा हप्ता जाऊन सव्वा लाख उरतात. यंदा ते पाटल्या सोडवायला.

आता तुमचा प्रश्न. भाच्याचं उदाहरण बाजूला ठेवा. ब्रिटनमध्ये डिग्री अप्रेंटिसशिप 2015 पासून आहेत आणि तिथे शिकाऊ उमेदवाराकडून फी घेता येत नाही. ती कंपनी आणि सरकार भरतं. त्यासाठी मोठ्या कंपन्यांच्या पगारखर्चावर 2017 पासून अर्धा टक्का लेव्ही, म्हणजे करही आहे. आपल्याकडे बारावीनंतर एचसीएलटेकचं टेकबी, बीएस्सी-बीसीएनंतर विप्रोचं विल्प अशा योजना आहेत, पण अटी ज्या त्या कंपनीच्या.

आणि इंजिनिअरिंगचे ते 6 लाख कुठून काढलेत? पालकांचं एकत्र उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी राज्य सरकारने 2024 मध्ये पूर्ण माफ केली. प्रवेश सरकारी केंद्रीय प्रवेशाच्या कॅप फेरीतून हवा, मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही. तुम्ही यात बसता का, ते या आठवड्यात तहसीलमध्ये जाऊन विचारा. बसत असाल आणि सांगलीच्या आसपास चांगल्या कॉलेजात कॉम्प्युटर मिळत असेल, तर मी कॉलेज म्हणेन. नाव न ऐकलेलं कॉलेज आणि भलतीच शाखा मिळत असेल, तर नोकरीसोबतची पदवी.

त्या रस्त्याबद्दल मुलीला आधीच सांगा. माझ्या एका ग्राहकाचा मुलगा त्यातून गेला. पहिलं वर्षभर टेस्टिंग आणि दुसऱ्यांच्या कोडमधले बग. रिलीज आणि सेमिस्टर नेमकं एकाच आठवड्यात. रविवार म्हणजे काय हे तो तीन वर्षं विसरला होता. पण पदवी हातात आली तेव्हा तो रोज कोड लिहीत होता आणि वर्गमित्र इंटरव्ह्यूची तयारी करत होते. तिची पदवी यूजीसीमान्य विद्यापीठाची आहे ना, बाँडची तीन वर्षं प्रशिक्षणापासून मोजतात की त्यानंतर, आणि मधे आजारी पडली तर काय, हे लेखी घ्या. मूळ गुणपत्रिका ठेवून घ्यायला देऊ नका, झेरॉक्स द्या. कोरा चेक तर अजिबात नाही.

बाँडवर हमीदार म्हणून सही तुमचीच मागतील. ती करण्याआधी त्याची प्रत मला पाठवा. आणि पुढच्या पत्रात मुलीला काय हवंय तेही लिहा, या पत्रात ते कुठे सापडलं नाही.