घरी बनवलेल्या इलेक्ट्रिक बाइकला ‘४८ व्होल्ट’ची कोणतीही बॅटरी चालते का? सर्वांसाठी एकच पॅक का निघत नाही?

तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे, आणि ते का, हे समजले की दुसऱ्या भागाचेही बरेचसे उत्तर मिळते.

‘४८ व्होल्ट’ हे केवळ बोलण्यापुरते नाव आहे. जळगाव, अमळनेर किंवा चोपड्याच्या बाजारात या एकाच नावाखाली तीन वेगळ्या वस्तू मिळतात: १२ व्होल्टच्या चार लेड-ॲसिड बॅटऱ्यांचा संच, एकापुढे एक जोडलेल्या १३ एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट या रसायनाच्या लिथियम) सेलचा पॅक आणि १६ एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) सेलचा पॅक. पूर्ण चार्ज झाल्यावर यांतील दुसरा ५४.६ व्होल्टवर थांबायला हवा, तर तिसरा ५८.४ व्होल्टवर. लेड-ॲसिडचा चार्जर साधारण ५९ व्होल्टपर्यंत जातो. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या गाड्यांत नेहमी दिसणारा प्रकार असा की, मालकाने लेड-ॲसिड काढून १३ सेलचा लिथियम पॅक बसवलेला असतो, पण चार्जर मात्र ‘चांगला आहे, कशाला टाकायचा’ म्हणून जुनाच ठेवलेला असतो. अशा वेळी प्रत्येक सेलवर ४.२ ऐवजी सुमारे ४.५ व्होल्ट येऊ पाहतात आणि त्या सेलचे पेट घेणे टळते ते केवळ आतल्या बीएमएसने, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटने, वेळीच पुरवठा तोडला म्हणून. स्वस्तातला बीएमएस तो तोडेलच, याची हमी कोणीही देऊ शकत नाही. उलट बाजूने, ५४.६ व्होल्टचा चार्जर १६ सेलच्या एलएफपी पॅकला लावल्यास आग लागत नाही, परंतु अनेक बीएमएसमध्ये सेल समतोल करण्याचे, म्हणजे सगळ्या सेलचे व्होल्टेज सारखे करण्याचे, काम सुरूच होत नाही आणि पॅक हळूहळू निकामी होतो.

याहून मोठा धोका प्लगचा आहे, आणि त्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. अनेक गाड्यांवर चार्जिंगसाठी जी तीन पिनांची खाच असते, ती संगणकाच्या वायरच्या खाचेसारखी हुबेहूब असते. म्हणजे घरातल्या एखाद्या मुलाने भिंतीवरची २३० व्होल्टची वायर चार्जरशिवाय थेट बॅटरीत खुपसली, तर ती अगदी घट्ट बसते. ज्या वस्तूंनी एकमेकांत कधीच बसू नये, त्या बसू शकतात, ही रचनेतली चूक आहे. वापरणाऱ्याला सूचना देऊन ती सुधारत नाही.

म्हणून माझे मत असे आहे की, प्रमाणित करायचे ते पॅकचे पोट नव्हे, तर त्याचे तोंड. ठिबकची १६ मिलिमीटरची नळी कोणत्याही कंपनीची घेतली तरी रावेरच्या दुकानातला जॉइनर तिला बसतो. नळीच्या आत ड्रिपर कसा बनवला आहे, याची शेतकऱ्याला चौकशी करावी लागत नाही. बॅटरीच्या बाबतीत पूर्ण चार्जचे व्होल्टेज, उलटा बसूच न शकणारा एक कनेक्टर, बीएमएस किती अँपिअर सोडतो आणि सेल कोणत्या रसायनाचे आहेत, एवढे चार मुद्दे ठरले व पॅकवर न पुसणाऱ्या अक्षरांत लिहिले गेले, तरी निम्म्याहून अधिक गोंधळ मिटेल. डब्याचा आकार नंतर ठरवला तरी चालेल, कारण सायकलच्या त्रिकोणी फ्रेममध्ये आणि मोपेडच्या सीटखाली एकच डबा बसणार नाही.

मोठ्या कंपन्यांच्या पातळीवर हालचाल झालेली आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये होंडा, यामाहा, केटीएम आणि पियाजिओ यांनी अदलाबदलीच्या बॅटऱ्यांसाठी एकत्र येण्याचा करार केला, आणि एप्रिल २०२२ मध्ये निती आयोगाने बॅटरी अदलाबदलीच्या धोरणाचा मसुदा काढला. त्याच वर्षी गाड्यांना लागलेल्या आगींनंतर एआयएस-१५६ हे सुरक्षा मानक अधिक कडक करण्यात आले. मात्र हे सर्व कारखान्यातून मान्यता घेऊन निघणाऱ्या गाड्यांसाठी आहे. गावातल्या मिस्त्रीने जोडलेली सायकल त्यात कोठेच बसत नाही. शिवाय बॅटरी आपल्याकडूनच घ्यावी लागावी, यात कंपनीचा फायदा आहे, त्यामुळे अनेक पॅक आपल्या गाडीशी इलेक्ट्रॉनिक संदेशांची देवाणघेवाण झाल्याशिवाय वीजच सोडत नाहीत. भंगारात स्वस्त मिळालेला स्कूटरचा पॅक तुमच्या सायकलवर मुका राहतो, तो यामुळेच. त्याला बगल देण्यासाठी बीएमएस काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिल्यास कृपया ऐकू नका.

खानदेशापुरते आणखी एक सांगणे आवश्यक आहे. बहुतेक लिथियम सेलच्या माहितीपत्रकात चार्जिंगसाठी ४५ अंश सेल्सिअस ही कमाल मर्यादा दिलेली असते, आणि भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात सावलीतलाच पारा तेवढा चढतो. पत्र्याच्या शेडमध्ये काय होत असेल, ते वेगळे सांगायला नको. या भागासाठी मी १६ सेलचा एलएफपी पॅक सुचवतो, कारण तो उष्णता अधिक सोसतो. वजन आणि आकार थोडा वाढतो, ते चालवून घ्यावे. उन्हातून आलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नये. पॅक निवल्यावर, शक्यतो पहाटे, चार्ज करावा.

पॅक बनवून घेताना मिस्त्रीकडून सेलची संख्या, रसायन आणि पूर्ण चार्जचे व्होल्टेज बिलावर लिहून घ्या, आणि तोच आकडा चार्जरवर छापलेला आहे का, ते दुकानातच ताडून पाहा. मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत ठेवा. त्यापुढे गेल्यास नोंदणीचा आणि मान्यतेचा वेगळाच प्रश्न उभा राहतो.