बायोमेट्रिक लावलं, मेमो दिले, तरी ऑफिसात कामं होत नाहीत. शिस्त आणायची कशी?

तुम्ही लिहिलंय की तालुक्याच्या पंचायत समितीत नवीनच गटविकास अधिकारी म्हणून रुजू झालोय, बायोमेट्रिक मशीन आहे, मेमो काढून झाले, एक-दोघांना निलंबित करायचा विचार आहे, तरी लोक उशिरा येतात आणि फाइली जागच्या हलत नाहीत, करू काय. माझी सगळी नोकरी नाशिक जिल्ह्यातच झाली, कनिष्ठ सहायक म्हणून लागलो आणि सहायक प्रशासन अधिकारी म्हणून रिटायर झालो, तालुके पण बघितले आणि मुख्यालय पण, त्यामुळे टेबलाच्या ह्या बाजूचं सांगतो. साहेब लोकांच्या ट्रेनिंगमध्ये काय शिकवतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार.

पहिली गोष्ट, राग मानू नका, तुमचं लक्ष भलत्याच रजिस्टरवर आहे. मस्टर, बायोमेट्रिक, आता ते चेहरा दाखवायचं अ‍ॅप, ह्या सगळ्यातून माणूस ऑफिसात आला की नाही एवढंच कळतं. आल्यावर त्याने काय केलं हे दुसऱ्या वहीत असतं, कार्यविवरण नोंदवही, आपण सगळे वर्कशीट म्हणतो ती, आणि बऱ्याच साहेबांनी ती सही करण्यापुरतीच बघितलेली असते.

तरी हजेरीचं आधी उरकून टाकू. २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला तेव्हा वेळ पावणेदहा ते सव्वासहा ठरली, म्हणजे शनिवारच्या बदल्यात रोजचा वेळ वाढला. लोकांनी शनिवार घेतला आणि पावणेदहा विसरले. नाशिकचं आणखी एक आहे, निम्म्या स्टाफचं घर गंगापूर रोड, इंदिरानगर नाहीतर पंचवटीत, पोरांच्या शाळा इथे, बायकोची नोकरी इथे, आणि ऑफिस पेठ, सुरगाणा, कळवणकडे कुठेतरी. चौघांत मिळून एक गाडी असते. ज्याची गाडी तो निघेल तेव्हा बाकीचे निघणार, म्हणून तुमच्याकडे लेट येणारे नेहमी गटाने लेट येतात, मशीनचा रिपोर्ट काढून बघा, चार नावं एकाच मिनिटाला दिसतील. संध्याकाळी पण तेच, पाच वाजले की एकाची चुळबुळ सुरू होते आणि चार खुर्च्या रिकाम्या. सकाळी थंब मारून जे चहाला जातात ते साडेअकराला उगवतात ती गोष्ट वेगळीच, मशीनच्या हिशोबाने ते वेळेवर आलेले असतात. मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावीच, राहण्याचा नियम आहे, ग्रामपंचायत अधिकारी आणि गुरुजी लोक त्यासाठी ग्रामसभेचा ठराव पण आणून देतात, त्या ठरावात किती खरं हे सरपंचालाही माहीत असतं आणि तुम्हालाही. सगळ्यांची घरं तुम्ही हलवू शकत नाही. तीन लेटमार्कला एक किरकोळ रजा कापायची, रजा वर्षाला आठच असतात, आवाज न चढवता दर महिन्याला कापा, आणि मुख्य म्हणजे तुमच्या जवळच्या माणसाची पण कापा, नाहीतर बाकीचे फक्त तेवढंच बघत बसतात. दोन महिन्यांत गाडी लवकर निघायला लागते. हजेरीवर ह्याच्यापेक्षा जास्त डोकं खर्च करू नका.

आता वर्कशीट. पत्र आवकला येतं, नंबर पडतो, टेबलावर जातं, क्लार्कने ते वर्कशीटला घ्यायचं, काय कार्यवाही केली, जावक नंबर काय, आणि आठवड्याच्या शेवटी गोषवारा काढायचा, मागची शिल्लक एवढी, नवीन आली एवढी, निकाली एवढी, शिल्लक एवढी. सोमवारी साहेबांची सही. होतं काय, तर शिपाई दहा-पंधरा वह्यांची चळत आणून ठेवतो, साहेब व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सवर, असतात, एका हाताने म्यूट दाबायचं आणि दुसऱ्या हाताने सह्या. एकदा नीट उघडून बघा. महिनाभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेल्या असतात, शाईचा रंग बदलत नाही, अक्षराचा कलही बदलत नाही, आणि गडबडीत रविवारच्या तारखेला पण दोन पत्रं निकाली निघालेली असतात.

आणि खरी गोम त्याच्याही अलीकडे आहे. अवघड पत्र क्लार्क वर्कशीटला घेतच नाही. घेतलंच नाही तर शिल्लक कुठून दिसणार, गोषवारा कसा एकदम स्वच्छ. म्हणून तपासणी वर्कशीटपासून सुरू करायची नाही, आवक रजिस्टरपासून करायची. दर सोमवारी आवकमधली मागच्या महिन्यातली चार-पाच पत्रं तुम्ही स्वतः निवडा, अधीक्षकाला निवडू देऊ नका, आणि सांगा ह्यांच्या फाइली आणा. आधी आरडाओरडा होईल, फाइल सापडत नाही, फाइल जिल्ह्याला गेलीय, अमुक रजेवर आहे. पण पुढच्या सोमवारी कुणाचं पत्र निघेल हे कुणालाच माहीत नसल्यामुळे सगळेच लिहायला लागतात. अर्ध्या तासाचं काम आहे. फक्त ते तुम्ही स्वतः करायला पाहिजे आणि एकही सोमवार चुकवायला नको, आणि व्हीसी, सिंहस्थाच्या बैठका, मंत्र्यांचा दौरा ह्या सगळ्यात नेमका तोच सोमवार चुकतो.

कायद्याचा आधार पण आहे. २००५ चा बदल्यांचा कायदा सगळ्यांना माहीत, तीन वर्षांनी बदली म्हणून, पण त्याच कायद्याचा दुसरा अर्धा भाग विलंबाचा आहे तो कुणी वाचत नाही. कुठलीही फाइल एका माणसाकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त थांबू नये, तातडीची असेल तर चार दिवस, अगदी तात्काळ असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, दुसऱ्या विभागाला पाठवायची नसेल तर पंचेचाळीस दिवसांत निर्णय, पाठवायची असेल तर तीन महिने. आणि तुम्ही राज्य शासनाचे अधिकारी, म्हणजे हे सात दिवस तुमच्या टेबलालाही लागतात. स्पष्ट बोलतो, माझ्या नोकरीत फाइल क्लार्ककडे अडली त्यापेक्षा साहेबांच्या टेबलावर “चर्चा करा” असा शेरा मारून पडून राहिली असं कमी वेळा झालेलं नाही. “चर्चा करा” लिहिलं की फाइल खाली येते, चर्चा कधीच होत नाही, आणि दोघंही सुटतात. शेरा मारायचाच असेल तर तारीख टाका.

एक केस सांगतो, ऑफिसचं नाव नको. एका गुरुजींचं सेवेत असताना निधन झालं, त्यांच्या बायकोचं कुटुंब निवृत्तिवेतन. पहिलं पत्र गेलं, मृत्यू दाखल्याची साक्षांकित प्रत जोडा. त्यांनी आणून दिली. काही आठवड्यांनी दुसरं पत्र, नामनिर्देशन नाही. मग फोटो. मग पासबुकवरचं नाव आणि सेवापुस्तकातलं नाव जुळत नाही. दर वेळी त्या बाई एसटीने यायच्या, ऑफिसबाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसायच्या, आत यायला पण बिचकायच्या. आता गंमत बघा, प्रत्येक त्रुटीचं पत्र जावक झालं की वर्कशीटला ते प्रकरण “निकाली”. म्हणजे गोषवाऱ्यात त्या एका बाईची केस चार वेळा निकाली निघालेली आणि पेन्शन शून्य. ज्या क्लार्ककडे ती फाइल होती तो कामचुकार नव्हता बरं, त्याच्याकडे तीन टेबलं होती, दोन जागा रिकाम्या, त्याला जेवढी त्रुटी पहिल्यांदा दिसली तेवढी त्याने कळवली आणि पुढच्या फाइलकडे गेला.

नंतर जे साहेब आले त्यांनी एकच आदेश काढला, एका प्रकरणात त्रुटीचं पत्र एकदाच जाईल, सगळ्या त्रुटी एकत्र, दुसऱ्यांदा काढायचं असेल तर माझ्या सहीने. बस. दुसऱ्यांदा सही मागायला जायची लाज वाटते हो माणसाला, त्यामुळे आधीच पूर्ण फाइल वाचायला लागले. मग सेवापुस्तकं तपासून घेतली, रिटायर होणाऱ्यांची यादी आधीच लावली. ह्या आदेशाला कागद किती लागला, अर्धं पान.

लोकसेवा हक्क कायद्याचं पण असंच आहे. २०१५ पासून आहे, जन्म-मृत्यूचा दाखला, विवाह नोंदणीचा दाखला, घरपट्टी आकारणीचा नमुना ८ चा उतारा, सगळ्याला मुदत ठरलेली, विनाकारण उशीर झाला तर पाचशे ते पाच हजार दंड. बोर्ड पण दारात लागलेला असतो. मग दंड का होत नाही, तर अर्ज ऑनलाइन घेतच नाहीत, “ठेवून जा, बघतो” म्हणतात, पोच नाही म्हणजे मुदत सुरूच झाली नाही, आणि अपील कशावर करणार. ग्रामपंचायतीला अचानक भेट द्याल तेव्हा रजिस्टर मागण्याआधी बाहेर उभ्या असलेल्या दोन माणसांना विचारा, अर्जाची पोच मिळाली का.

निलंबनाचं म्हणाल तर लाचेचं, अफरातफरीचं, कुणी ऑफिसात पिऊन आला असं काही असेल तर प्रस्ताव पाठवाच. पण फाइल उशिरा टाकली म्हणून निलंबन म्हणजे त्याला घरबसल्या अर्धा पगार, तीन महिन्यांनी तो पाऊण पगारापर्यंत वाढू शकतो म्हणजे पंचाहत्तर टक्के, आणि त्याचं टेबल तुमच्या चांगल्या क्लार्कच्या डोक्यावर. सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये सांगितलंय की तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन पुढे चालवता येत नाही, आणि दोषारोपपत्र वेळेत लिहून देणारा माणूस तुमच्या ऑफिसात कोण आहे तेवढं आधी बघून ठेवा. माझ्या मते ठपका, एखादी वेतनवाढ रोखणं, गोपनीय अहवालात खरं ते लिहिणं, ह्या छोट्या शिक्षा जास्त लागू पडतात कारण त्या खरंच होतात. अहवालात तर सगळ्यांनाच अ+ द्यायची पद्धत पडलीय, काम करणाऱ्यालाही आणि न करणाऱ्यालाही, मग करणारा विचारतो माझ्या अ+ ला अर्थ काय, आणि त्याला उत्तर म्हणून आपण आणखी एक टेबल देतो.

कोणीतरी तुम्हाला नक्की सांगेल की तुकाराम मुंढे साहेबांसारखं करा. फेब्रुवारी २०१८ ला ते नाशिक महापालिकेत आयुक्त म्हणून आले, नोव्हेंबरमध्ये बदली झाली, नऊ महिने. धाक होता, लोकांना आवडलं पण होतं, “वॉक विथ कमिशनर”ला गर्दी व्हायची, मोकळ्या जागांच्या करवाढीवरून राग पण तेवढाच आला. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण धाक माणसाच्या सोबत येतो आणि त्याच्याच सोबत बदलून जातो. उलट शेजारच्या नगर जिल्ह्यात, आता अहिल्यानगर, अनिल लखिना कलेक्टर होते १९८० च्या दशकात, त्यांनी दप्तर लावायची आणि बसायची व्यवस्था बदलली, तो लखिना पॅटर्न अजून सरकारी माणसाच्या तोंडात आहे. पुढे चंद्रकांत दळवी साहेबांनी पुण्याचे विभागीय आयुक्त असताना झिरो पेंडन्सी अँड डेली डिस्पोजल, म्हणजे शिल्लक शून्य आणि रोजचं रोज निकाली, राबवलं, त्याचा पाया पण तोच, सहा गठ्ठे. टेबलावरचा प्रत्येक कागद कुठल्यातरी एका गठ्ठ्यात गेलाच पाहिजे, कार्यवाहीचा, प्रतीक्षेतला, नियतकालिक, स्थायी आदेश, रेकॉर्डला पाठवायचा आणि नष्ट करायचा. कंटाळवाणं काम आहे, फोटो चांगला येत नाही त्याचा. २०२५ च्या शंभर दिवसांच्या कार्यक्रमात स्वच्छता होती म्हणून सगळीकडे रंग लागले, कपाटं पुसली, काही ठिकाणी तांबड्या फडक्यातले गठ्ठे न सोडता नुसते मागच्या खोलीत नेले. तुमच्याकडे मागची खोली असेल तर एकदा कुलूप उघडून बघा.

युनियनला घाबरू नका पण लपवू पण नका. पदाधिकाऱ्यांना बोलवा, चहा पाजा, टेबलनिहाय शिल्लक समोर ठेवा, कुणाकडे तीन टेबलं आहेत आणि कुणाकडे अर्धं ते त्यांनाच मोजू द्या. कामवाटप फिरवायला ते स्वतःच सुचवतात, कारण ज्यांच्यावर जास्त काम लादलंय त्यांची तक्रार त्यांच्याकडेही गेलेली असते. सभापतींचा किंवा कुणा नेत्याचा फोन येईल की अमक्याला त्याच टेबलावर राहू द्या, तेव्हा सगळ्यांची टेबलं एकाच आदेशाने बदललेली असली की उत्तर द्यायला सोपं जातं. फक्त टेबल बदलाचा आदेश काढाल तो चार्ज यादीसकट काढा, फाइलनिहाय, दोघांच्या सह्या घेऊन, नाहीतर जुना म्हणतो मी फाइल दिली, नवीन म्हणतो मला मिळालीच नाही, आणि ते भांडण मिटेपर्यंत तुमची तीन वर्षं भरलेली असतात.